हवेवरचा पेल्टिअर कूलर सीपीयूला – तीन हजारांत जमेल का?

संत्रानगरी
नमस्कार मंडळी. नागपूरला राहतो, इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरच्या पीसीत आय३-१२१००एफ आहे आणि त्यावर डब्यातून आलेलाच कूलर. मे महिन्यात दुपारी खोलीत ४२ अंश असतात, गेम लावला की प्रोसेसर नव्वदीच्या पुढे जातो आणि क्लॉक (प्रोसेसरचा वेग) खाली येतो.

टीईसी१-१२७०६ नावाची पेल्टिअर प्लेट दोन-अडीचशे रुपयांना मिळते. वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. माझा बेत असा: प्रोसेसरवर तांब्याची जाड पट्टी, त्यावर पेल्टिअर, त्यावर टॉवर हीटसिंक आणि १२० मिमीचा पंखा. पाण्याचा कूलर नको, पाइप गळला तर बोर्ड जाईल याची भीती वाटते. सगळं मिळून तीन हजार रुपये. कुणी केलंय का? एक प्लेट पुरेल की दोन लावू? आणि वीज पीसीच्याच एसएमपीएसमधून घेतली तर चालेल का?

चहाबाज
गरम बाजूवर चहाचं आधण ठेवता येईल का तेही सांगा कुणीतरी.

जुनाखिळा
१९९८ साली सेलेरॉन ३००ए आला, तेव्हापासून हा नाद बघतोय. त्याचा गुणक (बसच्या वेगाला ज्याने गुणलं की प्रोसेसरचा वेग येतो तो आकडा) ४.५ ला कुलूपबंद होता, पण बस ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केली की ३०० चा ४५० व्हायचा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला ते प्रोसेसर निवडून घ्यायला लोक यायचे. जो ४५० ला डळमळायचा त्याच्यावर काही हौशी पेल्टिअर चढवत, आणि ते खरंच चालायचं. कारण सोपं आहे, तो प्रोसेसर वीसेक वॉट उष्णता टाकायचा. नंतर थंडरबर्ड ॲथलॉन १.४ गिगाहर्ट्झला ७२ वॉटवर गेला, मग पेंटियम ४ आले आणि हवेवरच्या पेल्टिअरचा खेळ संपत गेला. ज्यांना सोडवेना ते पाण्याकडे वळले.

तुझ्या १२१००एफचे कागदावर ५८ वॉट, टर्बोत ८९. म्हणजे सेलेरॉनच्या तिप्पट-चौपट. विचार करून पैसे घाल.

सोल्डरकाका
पुण्यात रिपेरिंगचं दुकान आहे, पेल्टिअर रोज हातात येतात. वॉटर डिस्पेन्सर, गाडीतले छोटे फ्रिज, सगळीकडे हीच प्लेट. घेताना जपून घ्या. तापकीर गल्लीत काय किंवा ऑनलाइन काय, वर छापलेलं १२७०६ आणि आतला माल यांचा संबंध असेलच असं नाही. नावातले १२७ म्हणजे आतल्या खांबांच्या जोड्या आणि ०६ म्हणजे कमाल ६ अँपिअर. मल्टिमीटरने रेझिस्टन्स बघायला गेलात तर आकडा स्थिर राहत नाही, बोटाच्या उबेनेच प्लेट व्होल्टेज तयार करते आणि मीटर फसतो. खरी परीक्षा म्हणजे दोन्ही बाजूंना हीटसिंक दाबून १२ व्होल्ट द्यायचे आणि अँपिअर बघायचे. साडेचार-पाचच्या आसपास गेला तर माल बरा. तिनावरच थांबला तर छापील नाव विसरा.

आणि हीटसिंकशिवाय वीज देऊ नका. गार बाजू कुठली ते बघायला एक-दोन सेकंद चालतं, त्याहून जास्त नाही. आतले डाग १३८ अंशाला वितळणाऱ्या सोल्डरचे असतात, सुटी प्लेट तिथवर पटकन पोचते.

वऱ्हाडी_पाहुणा
काहून एवढा खटाटोप भाऊ? डेझर्ट कूलर लाव खोलीत. खोली ४२ ची ३१ झाली की प्रोसेसर बी दहा-अकरा अंशानं खाली येते. फुकटात.

संत्रानगरी
@वऱ्हाडी_पाहुणा, कूलर आहे हो घरी, पण आईबाबांच्या खोलीत. माझ्या खोलीच्या खिडकीला सज्जा आहे, तिथे बसत नाही.

@जुनाखिळा, पण १२७०६ च्या कागदावर ५० वॉटच्या वर क्षमता लिहिलेली आहे आणि तापमानातला फरक ६५ च्या वर. दोन प्लेट लावल्या तर १०० वॉट झाले ना?

ऊष्मागतिक
इथेच सगळे अडकतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी पदवीला भौतिकशास्त्र शिकवतो आणि पेल्टिअरचा प्रयोग दरवर्षी करून घेतो.

कागदावरचे दोन मोठे आकडे एकाच वेळी कधीच मिळत नाहीत. ५० वॉट मिळतात ते दोन्ही बाजूंचं तापमान सारखं असताना, म्हणजे गारवा शून्य. ६५ अंशांचा फरक मिळतो तो एकही वॉट उपसायचा नसताना. तुम्हाला दोन्हींच्या मधलं काहीतरी मिळतं.

प्लेटच्या आत तीन गोष्टी एकदम चाललेल्या असतात. विद्युतप्रवाह उष्णता एका बाजूकडून दुसरीकडे वाहून नेतो, हा झाला १८३४ चा पेल्टिअर परिणाम. तोच प्रवाह बिस्मथ टेल्युराइडच्या खांबांना तापवतो, आणि त्या तापाचा निम्मा भाग गार बाजूला येतो. शिवाय गरम बाजूची उष्णता त्याच खांबांमधून मागे झिरपत राहते. पहिली गोष्ट प्रवाहाच्या पटीत वाढते, दुसरी प्रवाहाच्या वर्गाच्या. म्हणून जास्त अँपिअर म्हणजे जास्त गारवा हे एका मर्यादेपर्यंतच खरं.

आता तुमच्या मांडणीचा हिशेब. प्रोसेसर गेममध्ये ६० वॉट टाकतो असं धरू. चांगला टॉवर हीटसिंक दर वॉटला पाव अंश चढतो असं धरू. पेल्टिअर न लावता हीटसिंकचा तळ हवेपेक्षा १५ अंश वर राहील.

एक प्लेट, १२ व्होल्ट: ती पाच-साडेपाच अँपिअर घेईल, म्हणजे स्वतःचे ६० वॉट. हीटसिंकला आता १२० वॉट बाहेर टाकायचे, त्याचा तळ हवेपेक्षा ३० अंश वर. आणि ६० वॉट उपसताना त्या प्लेटचा दम संपलेला असतो, त्यामुळे ‘गार’ बाजू गरम बाजूपेक्षाही दोन-चार अंश गरम राहते. नुसत्या टॉवरपेक्षा तुम्ही १५-२० अंशांनी तोट्यात.

दोन प्लेट, एकापुढे एक जोडून प्रत्येकीला ६ व्होल्ट: प्रवाह अडीच अँपिअरच्या आसपास, दोघींची मिळून वीज ३० वॉट. ही मांडणी खूप कार्यक्षम आहे, एक वॉट खर्चून दोन वॉट उपसते. गार बाजू गरम बाजूपेक्षा पाचेक अंश खाली. पण हीटसिंकवर ९० वॉट आले, तळ साडेबावीस अंश वर. पाच वजा केले तरी साडेसतरा उरतात. नुसता टॉवर पंधरावर होता! आणि मधल्या पट्ट्या आणि पेस्टचे थर मी अजून धरलेलेच नाहीत.

उताराच्या रस्त्यावर सायकलला मोटार बसवायची आणि त्या मोटारीची बॅटरी स्वारानेच पाठीवर वाहायची, तसं होतं हे.

कोल्हापुरी_चिप
नाद खुळा हिशेब सर. पण मग मोठ्या कंपन्यांनी कसे काढले? कूलर मास्टरचा व्ही१० होता की पेल्टिअरवाला, तोही हवेवरचा.

जुनाखिळा
व्ही१० आठवतो. २००९ च्या सुमारास आला होता, दहा हीटपाइप, किलोच्या वर वजन, बोर्डवर आडवा पसरायचा. त्यात ७० वॉटचं पेल्टिअर होतं, पण मुख्य प्रवाहाच्या आड नव्हतं. बऱ्याच हीटपाइप सरळ पंख्याकडे जायच्या, थोड्या पेल्टिअरमार्फत. म्हणजे पेल्टिअर बंद असलं तरी उष्णतेला वाट होती.

संत्रानगरीच्या बेतात तशी वाट नाही, मला त्याचीच जास्त काळजी वाटते. प्लेट जळली किंवा वायर सुटली तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णतेला अडवणारी भिंत उभी राहते.

ऊष्मागतिक
अगदी बरोबर. बंद पडलेली १२७०६ दर अंशाला अर्धा-पाऊण वॉटच पुढे जाऊ देते. ६० वॉट जायला शंभर अंशांचा फरक लागेल. प्रोसेसर स्वतःला वाचवायला बंद होईल हे खरं, पण रोज वापरायच्या मशीनमध्ये असं काही नको.

अटलांटिकपार
मी नॉर्थ कॅरोलायनात असतो. इथे जवळ डरहॅमला फोनॉनिक नावाची कंपनी आहे, त्यांनी २०१६ मध्ये हेक्स २.० हा हवेवरचाच पेल्टिअर सीपीयू कूलर काढला होता. छोटा आणि देखणा, किंमत दीडशे डॉलर. तेवढ्या पैशात चांगला पाण्याचा कूलर येत होता, त्यामुळे तो फार पसरला नाही. २०२० मध्ये इंटेलने क्रायो नावाचं तंत्रज्ञान आणलं, कूलर मास्टर आणि ईकेने त्यावर पेल्टिअर कूलर काढले, पण ते पाण्यावरचे. त्यात सॉफ्टवेअर सतत दवबिंदूवर नजर ठेवायचं आणि प्लेट त्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. २०२३ मध्ये इंटेलने तेही बंद केलं.

कोकणकडा
शेवटी कुणीतरी दवबिंदूवर आलं! मी रत्नागिरीचा. आमच्याकडे ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असते तेव्हा दवबिंदू २६ असतो. म्हणजे तुमची पट्टी २६ च्या खाली गेली की तिच्यावर पाणी जमायला लागतं. पाइप गळायची भीती म्हणून पाण्याचा कूलर नको म्हणता, आणि हे पाणी तर हवेतूनच येणार.

ओळखीच्या एकाने असाच जुगाड केला होता. बाहेरून सगळं कोरडं दिसत होतं. बोर्ड काढला तर सॉकेटच्या मागच्या बाजूला पिनांच्या टोकांवर हिरवट थर. गारवा सॉकेटमधून पलीकडे गेला होता आणि तिथे कुणी फोम लावलाच नव्हता.

वऱ्हाडी_पाहुणा
हे तुमच्या कोकणात. आमच्याकडं मे महिन्यात कपडे वाळत घालेपर्यंत वाळतात. दव कुठलं आणता बे?

ऊष्मागतिक
वऱ्हाडीभाऊंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं फार मजेशीर आहे. नागपुरात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू ११-१२ वर असतो, पट्टी वीसवर नेली तरी कोरडी. पण तुम्हीच वर सांगितलेला डेझर्ट कूलर खोलीत लावला की हवा ३१ अंशांवर येते आणि आर्द्रता साठ टक्क्यांवर. दवबिंदू एकदम २२! म्हणजे विदर्भात पेल्टिअर कोरडं चालवायचं तर डेझर्ट कूलर बंद हवा.

वऱ्हाडी_पाहुणा
घ्या! म्हणजे प्रोसेसर गार आन् मालक घामाघूम. मानलं सर.

ताराबघ्या
थोडं विषयांतर करतो, पण पेल्टिअरची बाजू कुणीतरी मांडायला हवी. आम्ही आकाशाचे फोटो काढणारे लोक याच प्लेटवर जगतो. लांब एक्स्पोजर घेताना कॅमेऱ्याचा सेन्सर तापला की फोटोत ठिपके येतात, म्हणून सेन्सरमागे पेल्टिअर असतं आणि ते त्याला हवेपेक्षा ३०-३५ अंश खाली नेतं. तिथे उष्णता असते मोजून एक-दोन वॉट, आणि सेन्सर कोरड्या बंद कप्प्यात असतो. कोविडमध्ये आरटीपीसीआर सगळ्यांच्या तोंडी झालं, त्या यंत्रातला नळ्यांचा ठोकळाही पेल्टिअरवरच गरम-गार होतो. उष्णता थोडी असेल आणि तापमान नेमकं हवं असेल तर याच्यासारखी वस्तू नाही. ना कॉम्प्रेसर, ना हलणारा भाग. वस्तू वाईट नाही, तिला साठ वॉटचं ओझं द्यायचं नाही एवढंच.

कोल्हापुरी_चिप
मग भावा संत्रानगरी, मोठा प्रोसेसर सोड की. दहा-पंधरा वॉटचा एखादा जुना बोर्ड असला तर त्याच्यावर कर. प्रोजेक्टही होईल.

संत्रानगरी
हे सुचलंच नव्हतं! कॉलेजच्या लॅबमध्ये ॲटम डी५२५ चे जुने बोर्ड नुसते पडून आहेत. टीडीपी, म्हणजे प्रोसेसर टाकतो ती कागदावरची उष्णता, १३ वॉट. सरांना विचारलं, एक घेऊन जा म्हणाले.

ऊष्मागतिक
उत्तम निवड. एकच १२७०६ घ्या, ६ व्होल्टवर चालवा. १२ वॉट उपसताना पंचवीसेक अंशांचा फरक मिळायला हवा, आणि प्लेटची स्वतःची वीजही साधारण बाराच वॉट. हीटसिंकवर २४ वॉट, तळ हवेपेक्षा सहा अंश वर. पट्टी हवेपेक्षा १८-१९ अंश खाली गेली पाहिजे. बांधा आणि मोजून सांगा.

सोल्डरकाका
बांधणीबद्दल दोन शब्द. ॲटमवर वर धातूची टोपी नसते, उघडी सिलिकॉनची चिप असते. कोपऱ्यावर दाब आला तर टवका उडतो. मधली पट्टी ॲल्युमिनियमची आठ मिमी जाड घ्या, प्लेटच्या मापाची, ४० बाय ४०, आणि दोन्ही बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. सिरॅमिक तडकतं ते एकीकडूनच आवळल्यामुळे. स्क्रूखाली नायलॉनचे वॉशर टाका, नाहीतर गरम बाजूची उष्णता स्क्रूमधूनच परत खाली येते.

वर दोन प्लेटचं चाललं होतं म्हणून सांगतो, दोन शेजारी ठेवल्या तर ८० मिमी लांबी होते आणि टॉवर कूलरचा तळ तेवढा नसतो. त्याला रुंद, सपाट हीटसिंकच लागतो.

वीज: एलईडी स्ट्रिपसाठी मिळतो तो १२ व्होल्टचा जाळीदार एसएमपीएस आणि त्यापुढे एक्सएल४०१६ चा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट), ६ व्होल्टवर लावून. पीसीच्या एसएमपीएसच्या १२ आणि ५ व्होल्टच्या तारांमध्ये जोडून ७ व्होल्ट काढायची युक्ती नेटवर दिसेल. ती पंख्यापुरती ठीक. पेल्टिअरचे अँपिअर ५ व्होल्टच्या तारेत उलटे घुसवू नका.

कोकणकडा
आणि फोम बंद छिद्रांचाच घ्या, एसीच्या पाइपला लावतात तो काळा. गादीतला स्पंज पाणी पितो. बोर्डाच्या मागूनही लावा!

चहाबाज
माझ्या आधणाचं उत्तर कुणी दिलं नाही.

ऊष्मागतिक
@चहाबाज, गरम बाजू पन्नाशीच्या पुढे जाऊ नये म्हणूनच तर हा सगळा खटाटोप. आधण नाही, झालेला चहा कोमट राहील फार तर.

संत्रानगरी
बांधून झालं! जवळच्या जुन्या टॉवरचा हीटसिंक वापरला, त्यामुळे खर्च हजाराच्या आतच राहिला. खोलीत ३८ अंश असताना पट्टी २१ वर स्थिर झाली. बोर्डावर व्हिडिओ चालू होता. मोजायला पट्टीला भोक पाडून डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर बसवला, कारण प्रोसेसरचा स्वतःचा सेन्सर गार असताना भलतंच सांगत होता, मिनिटामिनिटाला तोच आकडा.

मग व्होल्टेज वाढवून पाहिलं. ९ व्होल्टपर्यंत पट्टी आणखी खाली गेली, पण जेमतेम पाच-सहा अंश. १२ व्होल्टला हीटसिंक हाताला चांगलाच गरम लागायला लागला आणि पट्टी जराशीच हलली. सरांचा प्रवाहाच्या वर्गाचा मुद्दा डोळ्यांसमोर दिसला. फार भारी वाटलं.

ऊष्मागतिक
शाबास! व्होल्टेज आणि पट्टीचं तापमान यांचा आलेख काढा, प्रोजेक्टचा जीव त्यातच आहे. सेन्सरचं म्हणाल तर तो कमाल मर्यादेपासून किती दूर आहोत एवढंच मोजतो, आणि मर्यादेपासून फार लांब गेल्यावर अचूक राहत नाही. बाहेरचा सेन्सर लावलात ते योग्यच.

जुनाखिळा
झकास. आता मूळ प्रश्नाचं काय केलंस? तो आय३ अजून नव्वदीतच तळतोय का?

संत्रानगरी
त्याला दोन हजारांच्या आसपासचा साधा चार हीटपाइपचा टॉवर कूलर घेतला. भर दुपारी गेम लावला तरी सत्तरीच्या खाली राहतो, क्लॉक उतरत नाही. तीन हजारांत दोन्ही झालं.

एकच गोष्ट राहिली आहे. जुलैत कॉलेजात हे दाखवायचंय आणि तेव्हा नागपुरातही आर्द्रता ऐंशीच्या घरात असते. पट्टी ओली होऊ नये म्हणून काय करू? डब्ल्यू१२०९ चा रिले (तापमान बघून वीज चालू-बंद करणारा) लावू का?

सोल्डरकाका
रिले नको. सारखं चालू-बंद झालं की प्लेट गरम-गार, गरम-गार होत राहते आणि आतले डाग तडकतात. दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच प्लेट अशाच गेलेल्या असतात. व्होल्टेज हळूहळू कमी-जास्त झालं पाहिजे.

अटलांटिकपार
इंटेलने क्रायोत केलं तेच छोट्या प्रमाणावर करता येईल. डीएचटी२२ सेन्सर खोलीचं तापमान आणि आर्द्रता देतो. आर्द्रता पन्नासच्या वर असेल तर दवबिंदू काढायचं सोपं सूत्र आहे: शंभरातून आर्द्रता वजा करा, पाचने भागा, आलेला आकडा तापमानातून काढा. ३० अंश आणि ८० टक्के असेल तर ४ वजा, दवबिंदू २६. आर्डुइनोला (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) सांगायचं की पट्टी याच्यापेक्षा दोन अंश वरच ठेव.

सोल्डरकाका
आणि आर्डुइनोचा पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारी वीज) सरळ पेल्टिअरला देऊ नका, त्याला सपाट डीसी लागतो. मॉसफेटनंतर (वीज चालू-बंद करणारा ट्रान्झिस्टर) कॉइल आणि कपॅसिटरचा फिल्टर टाका, फ्रिक्वेन्सी वीस-तीस किलोहर्ट्झ ठेवा. मॉसफेट लॉजिक लेव्हलचा घ्या, आयआरएलझेड४४. आयआरएफझेड४४ आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर पूर्ण उघडत नाही आणि स्वतःच तापतो, दुकानात नाव नीट वाचून घ्या. कॉइल जुन्या एसएमपीएसमधली चालेल, पिवळी-पांढरी रिंग असते ती. सर्किट काढून इथे टाका, तपासून देतो.